न्यू जर्सीतल्या घरात गॅस फर्नेस (घर गरम करणारी गॅसची भट्टी) लॉन्ड्रीच्या, म्हणजे वॉशिंग मशीनच्या, सर्किटवर जोडला तर चालेल का?

नाही, चालणार नाही. तुम्ही न्यू जर्सीत आहात, आणि तिथे लागू असलेल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचं (अमेरिकेतल्या वायरिंगच्या नियमावलीचं) कलम 422.12 सांगतं की सेंट्रल हीटिंगला स्वतंत्र सर्किट हवं. त्यावर फार तर फर्नेसचाच ह्युमिडिफायर, पंप, एअर क्लीनर किंवा कायमचा जोडलेला एसी चालतो. वॉशिंग मशीनमुळे ब्रेकर पडला आणि तुम्ही गावाला गेलेले असाल, तर फर्नेस बंद पडून जानेवारीच्या थंडीत पाण्याचे पाइप गोठून फुटतात हो!

गॅस फर्नेसला वीज लागते ती मुख्यतः ब्लोअर (गरम हवा फेकणारा पंखा) आणि कंट्रोल बोर्डापुरती, त्यामुळे बहुधा 15 अँपिअरचा ब्रेकर आणि 14 गेजची तांब्याची वायर पुरते. तरी फर्नेसच्या दारामागची पाटी वाचा, तिच्यावरचा आकडा अंतिम. बंद करायचा स्विच फर्नेसवरून दिसेल असा जवळच लावा.

अर्थिंगकडे मात्र अजिबात दुर्लक्ष नको. ती तार सैल असेल तर फ्लेम सेन्सरला ज्योत कळत नाही. बर्नर पेटतो आणि काही सेकंदांत विझतो. लोक उगाच सेन्सर बदलत बसतात.

नवीन सर्किट ओढण्याआधी टाउनशिपचं परमिट घ्या.