सेंट मेरीचे खांब आणि कारवारची आत्या

प्रश्न : सुट्टीत उडुपीजवळच्या मालप्याहून बोटीने सेंट मेरी बेटावर गेलो. तिथले खांबासारखे दगड ज्वालामुखीचे आहेत म्हणे. धाकटी विचारते, तो परत पेटला तर? आमची आत्या कारवारला समुद्राला लागूनच राहते, सर.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : धाकटीला म्हणावं, खुशाल जा आत्याकडे. ते दगड साधारण 8 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचे. आज आफ्रिकेजवळ असलेलं मादागास्कर बेट तेव्हा आपल्यापासून सुटत होतं. खंड ताणला गेला की जमिनीचं कवच पातळ होतं आणि खालचा तप्त खडक वर सरकतो. वर येताना त्याच्यावरचा दाब उतरतो, आणि तेवढ्यानेच तो वितळायला लागतो. वेगळी आच लागत नाही. (वर्गात पोरं हमखास इथेच अडायची.) रस भेगांतून वर येतो, पातळ झालेली जमीन खचते, तिथे समुद्र शिरतो आणि पुढचे उद्रेक पाण्याखाली होतात. बेटावरचा रस थंड होताना आकसला, उभा तडकला, म्हणून ते पाच-सहा कोनी खांब. आपल्या बेळगावकडचा काळा दगड त्यातला नव्हे, तो दोनेक कोटी वर्षांनी धाकटा.

हे आजही चालू आहे, पण आफ्रिकेच्या बाजूला. तांबड्या समुद्रात येमेनच्या झुबेर बेटांत 2011 आणि 2013 साली दोन नवी बेटं वर आली. मला मात्र मायोटची गोष्ट जास्त बोलकी वाटते. मादागास्कर आणि आफ्रिकेच्या मधलं हे फ्रेंच बेट. मे 2018 पासून तिथे भूकंपांचा सपाटा लागला, पण धूर नाही, राख नाही. वर्षभराने जहाजातून तळ मोजला, तर पूर्वेला 50 किलोमीटरवर, साडेतीन किलोमीटर खोल पाण्यात, 800 मीटर उंचीचा नवाकोरा ज्वालामुखी! पूर्व आफ्रिकेच्या ताणाशी त्याचा संबंध जोडला जातो. त्याचा लाव्हा किनाऱ्यापर्यंत आलाच नाही. पण खोलातला रस निघून गेल्यामुळे अख्खं बेट 10 ते 20 सेंटीमीटर खचलं, आणि मोठ्या भरतीचं पाणी सखल भागात पूर्वीपेक्षा आत येऊ लागलं.

आपल्या किनाऱ्याची ताणाताण केव्हाच संपली. कारवारला त्सुनामीची लाट आलीच तर दुरून येईल. 1945 साली मकरानच्या (पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यावरच्या) भूकंपाची लाट मुंबईपर्यंत पोचली होती, आणि मकरानला तर एक भूपट्ट, म्हणजे कवचाचा मोठा तुकडा, दुसऱ्याखाली शिरतो, म्हणजे उलटाच प्रकार. तेव्हा आत्याबाईंना एवढं सांगून ठेवा : ओहोटीची वेळ नसताना समुद्र अचानक लांब हटला, तर तिसऱ्या-शिंपल्या वेचायला खाली धावू नका, जवळची टेकडी गाठा.