घराच्या पैशातून 1925 चं पोलिश नाणं घ्यावं का?

प्रश्न: मी वॉर्सात नोकरी करतो. दोन वर्षांत पुण्यात फ्लॅट घ्यायचा आहे. एकाकडे 1925 चं 5 झ्वॉटींचं ‘राज्यघटना’ नाणं आहे. बचतीचा तिसरा हिस्सा जाईल, पण चांदीचं आहे, दुर्मीळ आहे. घेऊ का?

उत्तर: या पैशातून घेऊ नका.

चांदीच्या भरवशावर तर मुळीच नको. नाणं 25 ग्रॅमचं, 900 टंचाचं. शुद्ध चांदी साडेबावीस ग्रॅम. बाकी सगळी किंमत दुर्मीळपणाची, आणि तो आला राजकारणातून.

1924 मध्ये पंतप्रधान व्वादिस्वाफ ग्राब्स्की यांनी महागाईने मातीमोल झालेला पोलिश मार्क मोडीत काढला. 18 लाख मार्कांना एक झ्वॉटी! नव्या चलनात चांदीच्या 5 झ्वॉटींची तरतूद होती. त्यासाठी पाडलेल्या या नाण्यावर 3 मे 1791 च्या राज्यघटनेचा गौरव होता. त्या घटनेनंतर चारच वर्षांत शेजारच्या तीन सत्तांनी पोलंड वाटून घेतला, तो 1918 पर्यंत. पोलिश माणसाचा या नाण्यावर जीव का, हे यातून कळतं. पण 1925 च्या उन्हाळ्यात जर्मनीशी जकातयुद्ध पेटलं, कोळशाची निर्यात अडली, झ्वॉटी घसरला. एवढ्या चांदीचं नाणं परवडेना. नोव्हेंबरात ग्राब्स्कींनी राजीनामा दिला, पुढच्या मे महिन्यात मार्शल युझेफ पिउसुत्स्कींनी लष्करी बळावर सत्ता घेतली. नाणी उरली मोजकीच.

हा जिव्हाळा जवळजवळ पोलंडपुरताच आहे, म्हणून गिऱ्हाईकही तिथलंच. बिल्डरचा हप्ता आला की नाणं चार दिवसांत विकता येत नाही. लिलावाची वाट पाहावी लागते, वर कमिशन जातं. तोवर व्याज नाही, भाडं नाही. काठावरचे ठिपके 81 की 100 यावर प्रकार ठरतो, आणि नकलाही फिरतात. नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या पीसीजीएस किंवा एनजीसी या संस्थांच्या सीलबंद डबीत नसेल तर विषयच सोडा.

खाजगी माणसाकडून घेतलं तर पोलंडमध्ये 2 टक्के कर तुमच्याच माथी. शिवाय नाणं शंभरीचं झालंय. देशाबाहेर नेताना परवाना लागेल का, हे तिथल्या वारसा खात्याकडून लेखी घ्या.

तुमची आवड मला खरी वाटते. तर रशियाविरुद्धच्या 1830 च्या नोव्हेंबर उठावाच्या शताब्दीचं 1930 चं 5 झ्वॉटींचं ‘झेंडा’ नाणं बघा. साधा प्रकार पगारातून झेपेल. खोल ठशाचा मात्र फार महाग, तेव्हा पावतीवर प्रकार लिहून घ्या.