दोन ट्रान्सफॉर्मर थेट जोडायचे की मध्ये कन्व्हर्टर घालायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: एक ट्रान्सफॉर्मर फुल लोडवर आणि शेजारचा अर्धा रिकामा असेल, तर लिंक (थेट जोडणी) टाकून दोन्ही जोडावेत, मध्ये महागडा कन्व्हर्टर (किती वीज पलीकडे जावी हे ठरवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) कशाला?

लिंक टाकली की कुठून किती करंट जाईल हे आपल्या हातात राहत नाही. दोन्ही ट्रान्सफॉर्मर वेगवेगळ्या ११ केव्ही फीडरवर (ट्रान्सफॉर्मरला वीज आणणाऱ्या उच्चदाबाच्या लाइनवर) असतील तर लघुदाबाच्या (एलटी, म्हणजे ग्राहकांपर्यंत जाणाऱ्या) केबलमधून नको तेवढी वीज फिरू लागते. फॉल्ट (शॉर्ट सर्किट) झाला तर दोन्हीकडून करंट धावतो, तो तोडणाऱ्या जुन्या स्विचगिअरला तो झेपेलच असं नाही.

लंडन आणि ब्रायटनमध्ये यूके पॉवर नेटवर्क्स या वीज वितरण कंपनीने २०१४ ते २०१६ दरम्यान 'फन-एलव्ही' प्रकल्पात यावरच काम केलं. सबस्टेशनांच्या मध्ये 'सॉफ्ट ओपन पॉइंट' नावाचे असेच कन्व्हर्टर बसवले: एसीचं डीसी, डीसीचं परत एसी. सांगाल तेवढेच किलोवॅट पलीकडे जातात आणि फॉल्टमध्ये कन्व्हर्टर स्वतःच्या रेटिंगच्या फारसा वर जात नाही. एका बाजूला दुपारी चालणारी ऑफिसं, दुसऱ्या बाजूला संध्याकाळी पेटणारी घरं असतील तर हे उत्तम जमतं. दोन्हीकडे पीक (सर्वाधिक लोड) एकाच वेळी येत असेल तर पैसे वाया.

माझ्या मते खरी कमाई फेज बॅलन्सिंगची, म्हणजे तिन्ही फेजवरचा लोड सारखा करण्याची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. समजा तीन फेजवर ३००, २०० आणि १०० अँपिअर आहेत, पॉवर फॅक्टर सारखाच. न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) साधारण १७३ अँपिअर वाहतात. चार लेगच्या (तीन फेज आणि न्यूट्रल वेगवेगळे हाताळणाऱ्या) कन्व्हर्टरने पहिल्या फेजवर १०० दिले आणि तिसऱ्यावरून १०० घेतले, तर ट्रान्सफॉर्मरला तिन्ही फेजवर २०० दिसतात आणि न्यूट्रल जवळजवळ मोकळा होतो. एकाही ग्राहकाचा लोड कमी न करता! मात्र हा फायदा कन्व्हर्टरपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतच. पुढची केबल तशीच तापत राहते, म्हणून जागा चुकली तर काही हाती लागत नाही.

कन्व्हर्टरमध्ये वीज उष्णता होऊन जाते, पंख्यांचा आवाज होतो, आयुष्यही ट्रान्सफॉर्मरइतकं नसतं. आपल्याकडे शेतीपंपांच्या लांबलचक एलटी लाइनवर मी हे सुचवणार नाही. तिथे ११ केव्ही पुढे नेऊन एक-दोन पंपांना छोटा ट्रान्सफॉर्मर देणारी एचव्हीडीएस (उच्चदाब वितरण प्रणाली) हीच बरी. शहरात, जिथे रस्ता खोदणं आणि नवी डीपी बसवायला जागा मिळवणं हेच सगळ्यात महाग, तिथे विचार जरूर करा. आधी दोन्ही ट्रान्सफॉर्मरवर लॉगर (करंटची सतत नोंद ठेवणारं उपकरण) लावून फेजनिहाय लोड घ्या, उन्हाळ्यातला आठवडा धरून.