पितळेची भांडी नव्याने वापरताय? आधी आंबटाचं बघा
पितळी पातेलं घेतलंत, छान केलंत. पण त्याला आतून कल्हई आहे ना, हे आधी पाहा. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो नसेल तर ताक, कढी, आमटी, सोलकढी त्यात अजिबात ठेवू नका. आंबटातलं आम्ल तांबं-जस्त विरघळवतं, पदार्थ कळकतो, म्हणजे धातू उतरून बिघडतो, आणि पोटात गेला तर मळमळ, उलट्या होतात. आतून पिवळं दिसू लागलं की कल्हई पुन्हा करून घ्या. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर (अमोनियम क्लोराइड) टाकतो तेव्हा त्यातून निघणारं आम्लच धातूवरची पुटं काढतं.

घासताना क्रम सांभाळा. तेलकटपणा आम्लाने जात नाही, त्याला अल्कलीच हवी: राख किंवा साबण. ते धुऊन टाकल्यावर मग चिंच-मीठ चोळा. काळपट थर म्हणजे मुख्यतः तांब्याचं ऑक्साइड, ते चिंचेतल्या टार्टारिक आम्लात बघता बघता सुटतं, बोटाखाली पिवळी चमक येते. राख आणि चिंच एकत्र केलीत तर दोन्ही एकमेकांना मारतात, हात तेवढे दुखतात. शेवटी भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं पुसा. चिंचेचा अंश राहिला तर हिरवे डाग पडतात.