वाचकांचे प्रश्न : बोट घेतली, पुढे काय?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. यंदा 19 फुटांची एक जुनी मोटारबोट घेतली असून ती बार्नेगाट उपसागरात आणि लेक हॉपॅटकाँगवर चालवण्याचा विचार आहे. बोट चालवण्याचे राज्याचे प्रमाणपत्र मिळवले की भागते का? तटरक्षक दलाचे स्वयंसेवक बोट मोफत तपासून देतात असे ऐकले, पण दोष सापडल्यास दंड होईल अशी धास्ती वाटते. शिवाय मे महिन्यात वडील मालवणहून येत आहेत. त्यांची हयात समुद्रावर गेली असल्याने ते लाइफ जॅकेट घालणार नाहीत, याची मला खात्री आहे.

उत्तर : आधी धास्तीविषयी. ही तपासणी कोस्ट गार्ड ऑक्झिलरी या तटरक्षक दलाच्या, 1939 साली स्थापन झालेल्या स्वयंसेवी दलाचे सदस्य करतात. त्यांना अटक करण्याचा किंवा दंड आकारण्याचा अधिकारच नाही, आणि तपासणीत आढळलेल्या उणिवा ते पोलिसांना कळवत नाहीत. बोट तुमच्या दारात ट्रेलरवर उभी असली तरी ते तेथे येऊन नोंदणीची कागदपत्रे, लाइफ जॅकेट, दिवे, भोंगा, अग्निशामक आणि संकटसूचक साधने पाहतात. सर्व ठीक असेल तर त्या वर्षाचे स्टिकर लावतात, नसेल तर काय दुरुस्त करावे ते सांगतात. जुनी बोट घेणाऱ्याने ही संधी सोडू नये, कारण विकणाऱ्याने सोबत दिलेले सामान बहुधा मुदत संपलेले असते. एकदाच वापरायच्या अग्निशामकाची मुदत उत्पादनाच्या वर्षापासून 12 वर्षे असते, हे अनेकांच्या गावीही नसते.

प्रमाणपत्र मात्र टाळता येणार नाही. न्यू जर्सीत मोटारबोट चालवणाऱ्याला राज्य पोलिसांनी मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करावाच लागतो, आणि हॉपॅटकाँगसारख्या भरती-ओहोटी नसलेल्या पाण्यावर त्याखेरीज बोट चालवण्याचा वेगळा परवानाही लागतो. तेवढ्याने भागते का? माझ्या मते नाही. वर्गात नियम समजतात. पण वारा उलटा असताना धक्क्याला बोट लावणे, किंवा व्हीएचएफ या बोटीवरील रेडिओच्या 16 क्रमांकाच्या, मदत मागण्याच्या चॅनलवर आपले ठिकाण न गडबडता सांगणे, हे हाताला आणि जिभेला वळण लागल्याशिवाय जमत नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्या एखाद्या अनुभवी माणसाला सोबत घेऊन माराव्यात. इंजिन बंद करणाऱ्या कळीची दोरी अंगाला अडकवण्याची सवयही तेव्हाच लावून घ्यावी. 26 फुटांपेक्षा लहान बोटींवर 1 एप्रिल 2021 पासून ती सक्तीची आहे, कारण चालक पाण्यात पडल्यावर रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. बोटीवरील क्षमतेची पाटीही वाचावी. पाहुणे आले म्हणून ती वाढत नाही.

आता वडिलांविषयी. त्यांच्या पोहण्याविषयी शंका घेऊ नका, त्यांना पाण्याविषयी सांगा. मालवणचा समुद्र बारमाही कोमट असतो. बार्नेगाटमध्ये मे महिन्यात अंगावर ऊन असले तरी पाणी गार असते, आणि अशा पाण्यात अचानक पडल्यास माणूस नकळत मोठा श्वास ओढतो. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. श्वास ताब्यात यायला सुमारे एक मिनिट लागते, त्यानंतर साधारण दहा मिनिटांत हातपाय निकामी होऊ लागतात. त्या अवस्थेत बाकाखाली ठेवलेले जॅकेट शोधून घालणे अशक्यप्राय असते. तटरक्षक दलाच्या 2023 च्या आकडेवारीनुसार अमेरिकेत मनोरंजनासाठीच्या बोटींवर 564 मृत्यू झाले. ज्यांच्या मृत्यूचे कारण ज्ञात होते त्यांपैकी 75 टक्के बुडाले, आणि बुडालेल्यांपैकी 87 टक्के लोकांनी जॅकेट घातलेले नव्हते. कायद्याने प्रौढाला ते घालण्याची सक्ती बहुतेक वेळा नसते, ते बोटीवर असले की पुरते. म्हणूनच हा वाद घरातच मिटवावा लागतो. फुगणारे पट्ट्यासारखे जॅकेट घेतल्यास उकडत नाही आणि हालचालीला अडथळा येत नाही. लहान मुलांना मात्र ते चालत नाही. त्यांना वजनाप्रमाणे मापाचे साधे जॅकेटच द्यावे.

प्रश्न : माझ्याकडे बोट नाही, पण अशा दलात काम करण्याची इच्छा आहे. प्रवेश मिळेल का?

उत्तर : मिळू शकेल. ऑक्झिलरीसाठी वय किमान 17 वर्षे आणि अमेरिकी नागरिकत्व आवश्यक असून पार्श्वभूमीची तपासणी होते. बोट असण्याची अट नाही. वर्ग घेणे, रेडिओ सांभाळणे, बोटी तपासणे अशी कामे प्रशिक्षणानंतर मिळतात, वेतन मिळत नाही. बोटी तपासायच्या असल्यास परीक्षा देऊन आधी अनुभवी परीक्षकाच्या देखरेखीखाली काही तपासण्या कराव्या लागतात. 1914 साली सुरू झालेली आणि आता अमेरिकाज बोटिंग क्लब या नावाने ओळखली जाणारी नागरी संस्थाही अभ्यासक्रम चालवते. गणवेश, हुद्दे आणि बैठका यांची आवड नसेल तर आधी तिच्याकडे चौकशी करावी.