तिरानात दोन दिवस, सोबत आई-बाबा, खाणं शाकाहारी: जायचं का आणि काय बघायचं

तुम्ही विचारलंय की ग्रीसच्या कोर्फू बेटाहून बोटीने अल्बानियातल्या सारांडाला उतरून किनारा करणार, परतीचं म्युनिकचं विमान राजधानी तिरानाहून आहे, तर मधले दोन दिवस शहराला द्यायचे की किनाऱ्यावरच वाढवायचे, कारण जो तो सांगतोय तिरानात बघण्यासारखं काही नाही. सोबत आई-बाबा, सत्तरीच्या आसपासचे, आणि घरात कुणी मांसाहार करत नाही.

दोन दिवस बिनधास्त द्या. आम्ही काही वर्षं इटलीत बारीला राहायचो, तिथून रात्रीची बोट धरली की सकाळी दुरेस बंदर आणि तिथून तासाभराच्या आत तिराना, त्यामुळे जाणं-येणं बरंच झालंय. 'काही नाही' म्हणणाऱ्यांचंही अगदीच चुकीचं नाही हां, प्राग-बुडापेस्टसारखा किल्ला, नदीवरचे देखणे पूल, जुनी पेठ असलं काही शोधाल तर निराश व्हाल. मुळात हे गाव राजधानी झालं १९२० साली, त्याआधी छोटं बाजारपेठेचं गाव होतं, आणि जो काही जुना बाजार होता तो कम्युनिस्टांनी पाडून टाकला. इथं बघायचं ते वेगळंच. चाळीस-पंचेचाळीस वर्षं एका माणसाने देश कुलूपबंद ठेवला, त्याच्या काळातल्या इमारती अजून उभ्यात आणि लोकांनी त्यांचं पुढे काय केलं ते बघायला मजा येते.

आई-बाबांना जायच्या आधी एवढं सांगून ठेवा, नाहीतर म्युझियममध्ये काही कळणार नाही. एन्वर होजा १९४४ मध्ये सत्तेवर आला तो १९८५ मध्ये मेला तेव्हाच उतरला. १९४८ ला युगोस्लाव्हियाशी भांडला, १९६१ ला रशियाशी, १९७८ मध्ये चीनशीही फाटलं, म्हणजे कम्युनिस्ट असून कम्युनिस्टांशीही जमेना. १९६७ मध्ये देवधर्मावरच बंदी घातली, मशिदी आणि चर्च बंद केली, काही ठिकाणी त्यांची गोदामं आणि व्यायामशाळा झाल्या. खासगी गाडी ठेवायला परवानगी नव्हती, देशाबाहेर जायचं तर विचारच सोडा. शेवटी १९९१ च्या ऑगस्टमध्ये क्यूबाहून साखर घेऊन आलेल्या व्लोरा नावाच्या जहाजावर दुरेसमध्ये जवळजवळ वीस हजार माणसं चढली आणि कप्तानाला जहाज इटलीकडे न्यायला लावलं. ते लागलं बारीला. तिथली म्हातारी माणसं अजून त्या दिवसाबद्दल बोलतात, मी पहिल्यांदा अल्बानियाबद्दल ऐकलं ते तिथंच.

पहिल्या दिवशी सकाळी स्कंदरबेग चौकातून सुरुवात करा, हॉटेलही त्याच्या आसपासच घ्या म्हणजे आई-बाबांना दुपारी परत येऊन पडता येईल. चौक प्रचंड मोठाय, २०१७ मध्ये नव्याने केला, गाड्या काढून टाकल्या, अल्बेनियन लोक राहतात त्या सगळ्या भागांतला दगड आणून फरशी घातलीय आणि नीट बघितलंत तर कळेल की फरशी मध्याकडे हळूहळू चढत जाते. घोड्यावरचा पुतळा स्कंदरबेगचा, पंधराव्या शतकात तुर्कांशी लढलेला त्यांचा राष्ट्रवीर. ह्याच चौकात होजाचाही मोठा पुतळा होता, २० फेब्रुवारी १९९१ ला लोकांनी दोर बांधून खाली ओढला.

चौकाच्या कडेला छोटीशी मशीद आहे, एथेम बे मशीद, तिला चुकवू नका. अठराव्या शतकाच्या शेवटी सुरू होऊन एकोणिसाव्याच्या सुरुवातीला पुरी झाली. बाहेरच्या ओवरीत भिंतीवर झाडं, धबधबे, पूल रंगवलेत, मशिदीत असली चित्रं सहसा दिसत नाहीत. सांस्कृतिक वारसा म्हणून ती पाडली नव्हती, नुसती कुलूपबंद होती. १८ जानेवारी १९९१ ला कुणाची परवानगी न घेता हजारो लोक आत शिरले, आणि राजवट अजून पडलेली नसताना पोलिसांनी काही केलं नाही. त्या दिवसाची गोष्ट सांगून मग आई-बाबांना आत न्या. शेजारचा घड्याळाचा मनोरा १८२२ चा, वर जायला ९० पायऱ्या आहेत, अरुंद आहेत, आईंचे गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा, काही बिघडत नाही. समोरचा सांस्कृतिक महाल म्हणजे जुना बाजार पाडला त्या जागेवरची इमारत, १९५९ मध्ये रशियाचा तेव्हाचा नेता ख्रुश्चेव्हने स्वतः येऊन पायाचा दगड बसवला, दोन वर्षांत रशियाशी बिनसलं, रशियन मंडळी निघून गेली आणि ह्यांनी आपलं आपण बांधकाम संपवलं. राष्ट्रीय इतिहास संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद केलेलं होतं, उघडलंय का ते जायच्या आधी बघा, पण दर्शनी भिंतीवरचं भलंमोठं मोझेक बाहेरूनही दिसतं आणि खरं सांगायचं तर आतल्यापेक्षा तेच जास्त लक्षात राहतं.

आता मुख्य गोष्ट. वेळ एकाच म्युझियमला द्यायचा असेल तर तो 'पानांचं घर' नावाच्या म्युझियमला द्या. चौकातून चालत पाच-सात मिनिटं, मोठ्या ऑर्थोडॉक्स कॅथेड्रलच्या समोर. वेलींनी झाकलेला जुना बंगला म्हणून हे नाव. १९३१ मध्ये एका डॉक्टरांनी बाळंतपणाचं हॉस्पिटल म्हणून बांधलं, युद्धात जर्मन गेस्टापोने घेतलं, आणि नंतर होजाच्या गुप्त पोलिसांनी, म्हणजे सिगुरीमीने, तिथं लोकांवर पाळत ठेवायचं केंद्र चालवलं. २०१७ मध्ये म्युझियम झालं, २०२० चं युरोप कौन्सिलचं म्युझियम पारितोषिकही मिळालं. आत भपका नाही. टेपरेकॉर्डर, कॅमेरे, घरगुती वस्तूंमध्ये लपवायचे मायक्रोफोन, आणि एका खोलीत त्या काळातल्या साध्या घरातली बैठकीची खोली जशीच्या तशी मांडलीय. दिवाण, टीव्ही, विणलेले रुमाल. तुमचे बाबा म्हणतील आपल्याकडेही असंच होतं की ऐंशीच्या दशकात, आणि मग शेजारच्या दालनात कळतं की असल्याच खोल्यांमधलं बोलणं कोण कसं ऐकत होतं. एक-दीड तास धरा. सकाळच्या उत्साहात बघा, संध्याकाळी थकून नको, कारण वाचण्यासारखं भरपूर आहे.

बंकरबद्दल सगळे गोंधळतात म्हणून जरा सविस्तर. होजाला सतत वाटायचं की कुणीतरी चढाई करणार, म्हणून देशभर सिमेंटचे घुमट बांधले, आकडे वेगवेगळे सांगतात पण दीड लाखाच्या वरच. युद्ध काही आलं नाही. तिरानात दोन मोठे भूमिगत बंकर आता म्युझियम आहेत, नावं बंकआर्ट एक आणि बंकआर्ट दोन. टूरवाले दोन्ही एकत्र विकतात. माझं मत, एकच बघा. दोन्ही केले की कॉरिडॉर, पोलादी दरवाजे, खोल्या, फोटो, परत कॉरिडॉर, दुसऱ्या दिवशी कुठलं कुठे बघितलं ते आठवत नाही.

दोनमधला कुठला? बंकआर्ट दोन चौकाला लागूनच आहे, गृहमंत्रालयासाठी बांधलेला, छोटा आहे, तासाभरात होतो, विषय पोलीस आणि छळाचा. पानांचं घर बघितल्यावर त्यातलं बरंच पुन्हा येतं. म्हणून मी एक नंबर सांगेन. तो गावाच्या कडेला डोंगराच्या पोटात, अणुहल्ला झाला तर खुद्द होजा आणि त्याचे सरदार लपायला, पाच मजले आणि शंभराहून जास्त खोल्या. होजासाठी ठेवलेली खोली बघा. देशाच्या सर्वेसर्वाची खोली, तर भिंतींना लाकडी पॅनेल, एक पलंग, टेबल, टेलिफोन, संपलं, सरकारी विश्रामगृहात ह्याहून बरी मिळते! खाली सभागृह आहे, त्या जमिनीखालच्या सभागृहात आता कार्यक्रम होतात. उन्हाळ्यातसुद्धा आत गारठा आणि ओल असते, आई-बाबांना शाल किंवा स्वेटर लागेलच. बंद जागेत जीव घाबरत असेल तर मात्र त्यांना बाहेर कॅफेत बसवा, जबरदस्ती नको.

ह्याचा दुसरा फायदा म्हणजे दायती डोंगरावर जाणारा रोपवे तिथून जवळच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बंकर, मग रोपवे, वर पाऊण तास झाडीत फिरायचं, जेवायचं, खाली यायचं, अख्खा दिवस छान जातो. वर जायला पंधरा मिनिटं लागतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर वर गेल्याशिवाय जीवात जीव येत नाही, खाली पारा पस्तिशीच्या पुढे असतो. रोपवे मंगळवारी बंद असतो, तेवढं जुळवून घ्या.

परत पहिल्या दिवसाकडे. संध्याकाळी ऊन उतरलं की पिरॅमिडला जा. होजा मेल्यावर त्याचं म्युझियम म्हणून हे बांधलं, १९८८ मध्ये उघडलं, डिझाइन करणाऱ्यांत त्याची मुलगी आणि जावई. तीनच वर्षांत राजवट संपली, मग ह्या इमारतीचे काय काय हाल झाले विचारू नका, प्रदर्शनं भरली, नाइटक्लब झाला, कोसोवोच्या युद्धात नाटोवाले राहिले, टीव्ही चॅनेल आलं, मग नुसतीच पडीक, पोरं तिरक्या भिंतींवर चढून घसरत खाली यायची. २०११ च्या सुमारास पाडायचं घाटत होतं, लोकांनी विरोध केला. शेवटी एका डच फर्मने तिचा कायापालट केला आणि २०२३ मध्ये परत उघडली. तिरक्या भिंतींवर आता रीतसर पायऱ्या आहेत, आजूबाजूला रंगीत डबे रचल्यासारख्या खोल्या आणि त्यात शाळकरी मुलांना कोडिंग, ॲनिमेशन वगैरे फुकट शिकवतात. आधी पोरं चोरून चढायची तिथं आता आजोबा नातवाला घेऊन चढतात. वर गेलं की अख्खं शहर आणि मागे दायती दिसतो.

तिथून दहा मिनिटांवर ब्लोकू. हा भाग म्हणजे पूर्वी कम्युनिस्ट पार्टीच्या बड्या लोकांची वसाहत, पहारा असायचा, सामान्य तिरानाकराला आत पाऊल टाकायची सोय नव्हती. आता कॅफे, बार, दुकानं, तरुण पोरापोरींची गर्दी. होजाचा बंगला तिथंच आहे, २०२५ पासून कलाकारांना राहून काम करायला दिलाय. कोपऱ्यावर एक छोटं स्मारकही आहे, एक बंकर, बर्लिनच्या भिंतीचा तुकडा आणि स्पाच इथल्या, राजकीय कैद्यांना राबवायच्या त्या खाणीतले खांब, पाच मिनिटं लागतात. वाटेत रंगीबेरंगी इमारती दिसतील, त्या एदी रामाची करामत. हा गडी मूळचा चित्रकार, २००० मध्ये महापौर झाला, तिजोरीत फार पैसे नव्हते तर करड्या इमारती भडक रंगांत रंगवून घेतल्या. नंतर पंतप्रधान झाला. रंगाखाली घरं तशीच पडकी राहिली असं म्हणणारेही तिथं भेटतील, आणि आता जे टॉवरवर टॉवर उठतायत ते बघून मलाही जुनी रंगीत तिरानाच बरी वाटते.

विमानतळाचं नाव मदर तेरेसा आहे हे तिकिटावर दिसेलच. जन्म आजच्या उत्तर मॅसेडोनियातल्या स्कोप्येचा पण घर अल्बेनियन. त्यांची आई आणि बहीण तिरानात राहायच्या, होजाच्या सरकारने ना त्यांना बाहेर सोडलं ना मदरना आत येऊ दिलं. आई १९७२ ला गेली, बहीण पुढच्या वर्षी. जगभर फिरलेल्या ह्या बाईंना तिरानात पाय ठेवायला १९८९ उजाडलं, तोवर भेटायला फक्त कबरी उरल्या होत्या. कोलकात्यामुळे आपल्या लोकांना हे नाव जवळचं, पण ही बाजू फारशी कुणाला ठाऊक नसते.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका. बिरेक म्हणजे पातळ पापुद्र्यांचा पॅटिस, पालकाचा किंवा चीजचा मागा, गल्लोगल्ली गरम मिळतो. फर्गेस मागवा, ढोबळी मिरची, टोमॅटो आणि पनीरसारखं चीज मातीच्या भांड्यात शिजवतात, पावाबरोबर झकास लागतं, पण काही ठिकाणी त्यात मांस घालतात म्हणून आधी विचाराच. भाजलेल्या भाज्या, भात, बीन्स सगळीकडे. आणि धाल्ल नावाचं पेय म्हणजे चक्क आपलं खारं ताक, बाबा खूश होतील. इंग्रजी नाही चाललं तर इटालियन चालतं, बंदीच्या काळात लोक चोरून इटालियन टीव्ही बघूनच शिकले.

पैशांचं सोपंय, इथलं चलन लेक, एक लेक म्हणजे ढोबळमानाने एक रुपया. फक्त एक गंमत, १९६५ मध्ये चलनातलं एक शून्य काढलं तरी बरीच माणसं अजून जुन्या हिशोबात बोलतात, म्हणजे भाजीवाल्या आजी ५०० लेकच्या वस्तूला ५००० म्हणतील. दचकू नका आणि भांडूही नका, त्या फसवत नाहीयेत, मोबाईलवर आकडा टाइप करून दाखवा. रोख जवळ ठेवा, शहरातल्या बसमध्ये कंडक्टर गर्दीतून वाट काढत येऊन हातात तिकीट देतो आणि त्याला सुटे लागतात. विमानतळाची बस चौकाच्या मागूनच सुटते, आई-बाबा आणि बॅगा असतील तर सरळ टॅक्सी करा, भाडं बसायच्या आधी ठरवून.

आणि हे आजच तपासा. कोर्फूहून सारांडाला गेलात की शेंगेनमधून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटातून, बाहेर पडलात, आणि तिरानाहून म्युनिक म्हणजे परत आत. तुमचं जर्मनीचं राहण्याचं कार्ड असेल तर अडचण नाही, पण आई-बाबांचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर परतीच्या विमानात बसवणारच नाहीत. अनेक प्रवेशांचा असेल आणि आधी एकदा वापरलेला असेल तर अल्बानियाला वेगळा व्हिसा सहसा लागत नाही, तुमच्या बाबतीत जर्मनी-ग्रीस झालेलंच असेल. तरी त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या साइटवर ताजे नियम वाचा आणि व्हिसावर नेमकं काय छापलंय ते इथं लिहा, मग बोटीची तिकिटं काढा.