राहिलेली खिंड

"अर्ध्यातून परत आलेल्या ट्रेकला पुन्हा जायचं म्हणजे नुसता हट्ट ना, मॅडम?" हा प्रश्न मला वर्षातून दोन-चारदा तरी ऐकायला मिळतो. कोणी पाय मुरगळून परतलेलं असतं, कोणी हवा बिघडली म्हणून, कोणी घरून फोन आला म्हणून. वर्षं उलटतात, पण ते मनातून उतरत नाही. आज इंदूरच्याच एका ताईंची गोष्ट सांगते, त्यांना विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून.

वय 51, बँकेत नोकरी, रामबागेत एकत्र कुटुंब. सात जणांच्या ग्रुपबरोबर नेपाळात अन्नपूर्णा सर्किटला गेल्या होत्या. बेसीसहरहून चालत मनांग, तिथून थोरोंग फेदी, मग 5416 मीटरवरची थोरोंग ला ही खिंड, आणि पलीकडे उतरलं की मुक्तिनाथ. फेदीला रात्री त्यांना उलट्या सुरू झाल्या. गाईडने हेडटॉर्चच्या उजेडात काठीने जमिनीवर रेघ ओढली आणि पावलापुढे पाऊल चिकटवत तिच्यावरून चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला त्या भिंतीवर गेल्या. असा तोल जाणं ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असते. अशा वेळी उजाडायची वाट बघायची नसते, तडक खाली उतरवायचं असतं. त्याने तेच केलं. बाकीचे सहा जण खिंड ओलांडून गेले.

घरी सासूबाई म्हणाल्या, "बोलावणं नव्हतं आलं. मुक्तिनाथाने बोलावलं की जाशील." यजमान म्हणाले, "पोखऱ्याहून जीप जाते अगं, दर्शन घेऊन येऊ." दोघंही मायेनेच बोलत होते. ताई मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडायच्या.

माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या तेव्हा त्या पाठीवर आठ किलोची सॅक घेऊन आठवड्यातून तीनदा इंदूरजवळची रालामंडल टेकडी चढत होत्या. "या वेळी कमी पडायचं नाही," म्हणाल्या. मी त्यांना 'झालं तेवढं पुष्कळ, सोडून द्या' या वाटेने न्यायला बघितलं. ती माझी चूक होती. पुढच्या आठवड्यात त्या आल्याच नाहीत.

परत आल्या तेव्हा मी एवढंच म्हटलं, मनांगपासून एकेक दिवस सांगा. तेव्हा कळलं की डोकं मनांगलाच ठणकायला लागलं होतं.

"कोणाला सांगितलंत?"

"नाही हो. सगळ्यांचा खोळंबा झाला असता. परतीची तिकिटं काढलेली होती."

त्याच तिकिटांपायी ग्रुपने मनांगची विश्रांती गाळली आणि तिथून एका दिवसात फेदी गाठली, म्हणजे सुमारे 900 मीटर चढाई. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डॉक्टर सांगतात. इंदूर जेमतेम साडेपाचशे मीटरवर! दमसास चांगला असला म्हणजे उंचीचा त्रास होत नाही, असं नाही. तो धडधाकट पोरांनाही गाठतो. एकदा झालेल्याला त्याच वेगाने चढल्यावर पुन्हा होऊ शकतो. त्यामुळे रालामंडल कितीही चढल्या असत्या, तरी मूळ दुखणं तिथेच राहिलं असतं. औषधाचं बघायला मी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं.

पण तो 'खोळंबा' माझ्या कानात राहिला. महालक्ष्म्यांच्या जेवणाला दाढ ठणकत असताना सोळा भाज्या केल्या, का, तर खोळंबा नको. बँकेत ताप अंगावर काढला, तेही त्याच पायी. मी त्यांना एकच काम दिलं: रोज एक दुखणं दुखत असतानाच बोलायचं, पुढे 'काही नाही हो' न जोडता. पहिल्यांदा म्हणाल्या, "मनगट दुखतंय, आज पोळ्या मी नाही लाटणार." सासूबाई गप्प झाल्या. जाऊबाईंनी लाटल्या. रात्रभर अपराधी वाटलं, हे सांगताना ताई हातातला रुमाल घडी करत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घडी करत होत्या.

यजमानांनाही एकदा बोलावलं. त्यांच्यासमोर त्या म्हणाल्या, "दर्शन नको असं नाही. पण मला फेदीच्या पुढचं चालायचंय." जीपचा विषय तिथे संपला.

अडवलं गेलेलं काम माणूस कोणी न सांगता पुन्हा हाती घेतो, हे मानसशास्त्रज्ञ मारिया ओव्ह्सियांकिना यांनी बर्लिनमधल्या प्रयोगांवरून 1928 सालीच दाखवलं होतं. तेव्हा परत जावंसं वाटण्यात वेडेपणा नाही. मात्र जाण्याआधी, तेव्हा कशाने अडलं ते नीट बघा. हवेने अडलं असेल तर स्वतःत खोट शोधू नका. 2014 च्या ऑक्टोबरात याच भागातल्या हिमवादळात चाळीसहून अधिक माणसं गेली. तुमच्याच एखाद्या सवयीने अडलं असेल, तर ती सवय सॅकमधून पुन्हा वर जाईल. तेवढं काम इथे घरीच करावं लागतं.

निघण्याआधी ताईंनी कागदावर लिहिलं: दोन दिवस राखीव. डोकं दुखलं तर त्याच दिवशी गाईडला सांगायचं. दुखणं थांबेपर्यंत वर जायचं नाही. तोल गेला की खाली. आणि शेवटी, मी न सुचवता, परतावं लागलं तर घरी काय सांगायचं तेही: "त्रास झाला, सांगितलं, उतरले."

त्या खिंड ओलांडून मुक्तिनाथला पोचल्या, हे सांगूनच टाकते. फोटोही आला, पताकांसमोरचा. त्याआधी मनांगहून एक मेसेज आला होता: "सकाळपासून डोकं दुखतंय. नाश्त्यालाच सांगितलं. सगळे थांबलेत. कोणी काही म्हणालं नाही."

संध्याकाळी मी विचारलं, आता कसं आहे?

"थांबलं. पण उद्याही इथेच आहोत. मीच म्हटलं."